बैठकीच्या खोलीतलं इंजिन

४ तारीख, सोमवार

गेल्या खेपेला आली तेव्हा मुलगी ही वही देऊन गेली. म्हणाली, "आई, जे तोंडाने बोलतेस ते यात लिहीत जा. बाबांच्या कानांना तेवढाच आराम." वही कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज माझ्या मनात जे आहे ते तोंडाने बोलले तर शेजारपाजारचे धावून येतील.

आमच्या बोटीचं इंजिन बुडालं. सकाळच्या पाळीत आमची बोट माणसांना खाडीपलीकडे नेते. हे बोट चालवतात, मी धक्क्यावरच्या खिडकीत बसून तिकिटं फाडते. आज दुपारी हे रिकामी बोट घेऊन परत येत होते. इंजिनाच्या पंख्यात कुणाचं तरी जाळं अडकलं, हिसका बसला, आणि मागच्या फळीवर लावलेलं इंजिन उखडून थेट पाण्यात. पाठोपाठ हेही. ज्याचं जाळं त्यानेच दोघांना वर काढलं. आधी कुणाला, ते मी विचारलं नाही.

हातगाडीवरून इंजिन घरी आलं. बातमी कळताच पुढे येऊन मी अंगणातलं निळं पिंप गोड्या पाण्याने भरून तयार ठेवलं होतं. धक्क्यावरचं शेंबडं पोरही सांगेल की खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन वाळवायचं नसतं. मिस्त्री येईपर्यंत गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. हवा लागली की आत गंज धरतो आणि सगळं खलास. हे स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांना हेच ओरडून सांगत आलेत. आणि आज यांनी काय केलं? इंजिन पोत्यावर आडवं टाकलं, भर उन्हात, आणि आत जाऊन पडले.

मी म्हणाले, "अहो, पिंप भरलंय."

"वाळू दे."

"वाळू दे? ते काय धुणं आहे?"

तोंड भिंतीकडे केलं. हातगाडीवाला निघून गेला होता आणि ते धूड मला एकटीला उचलेना. पाणी इंजिनात शिरलं तसं यांच्या डोक्यातही शिरलेलं दिसतंय.

६ तारीख, बुधवार

मिस्त्री आला. आल्या आल्या झाकण काढून त्याने नेहमीचं वाक्य टाकलं, "हे आधी कोणत्या गाढवाने उघडलं होतं?"

"तुम्हीच. गेल्या वर्षी."

"मग काम चांगलं झालंय," म्हणाला. हाडाचा कलाकार आहे.

आतून सगळं तांबूस. मिस्त्रीने बोट फिरवलं, बोटाला गंज लागला. "वाळवलं कुणी?" मी नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तो हसायलाच लागला. "दादांनी? काहीतरीच काय ताई! दादा दुसऱ्याला मारतील असं केलं तर." मी म्हटलं, माणूस पाण्यातून आला की थोडा बावळट होतो, सोडून द्या.

तर इंजिन परत उभं करायचे तीन मार्ग आहेत. पहिला, आहे तेच साफ करायचं, नवी बेअरिंगं आणि नव्या रिंगा टाकायच्या आणि हात जोडायचे. दुसरा, सिलिंडरला खड्डे पडलेत ते बोअर करून काढायचे, म्हणजे आतून थोडं मोठं कोरायचं आणि त्यात मोठे पिस्टन बसवायचे. तिसरा, मिस्त्रीकडे असंच एक इंजिन पडून आहे. ते खडकावर आपटलं होतं. त्याचा खालचा पाय मोडलाय, पण डोकं शाबूत. आमच्याचा पाय शाबूत, डोकं गेलंय. दोघांचं मिळून एक होईल.

मी म्हटलं, "तुमच्याकडे जास्तीची डोकी असतील तर दोन द्या. एक इंजिनाला."

हे हसले नाहीत. "विचार करून सांगतो," म्हणाले. अंगणात धूळ उडते म्हणून इंजिन लाकडी घोडीवर चढवून बैठकीच्या खोलीत आणून ठेवलं. आता आलेल्या माणसाला बसायला जागा नाही, पण इंजिनाला आहे.

९ तारीख, शनिवार

घरात समिती स्थापन झाली आहे.

सदस्य पहिले, भाऊजी. हे माझे धाकटे दीर. नोकरीभर कचेरीत बैठका भरवल्या, आता निवृत्त झाले तरी सुंभ जळाला पण पीळ जात नाही. येताना पेन्सिल आणतात. सदस्य दुसरे, ब्रेक. हे आमचे शेजारी, पूर्वी बस चालवायचे. एकही अपघात केला नाही याचा त्यांना फार अभिमान आहे, पण त्यांची बस कधी वेळेवर पोहोचली असं सांगणारा प्रवासी मला भेटलेला नाही. कोणताही विषय काढा, यांचं एकच, "घाई नको." अध्यक्ष अर्थात हे.

आजची बैठक दुपारभर चालली. चहा तीनदा झाला. भाऊजी म्हणाले, पहिला मार्ग बरा, सुटसुटीत. हे म्हणाले, "खड्डे तसेच राहतील, बोअर करावं लागेल." मग भाऊजी म्हणाले, बरं, बोअर करू. हे म्हणाले, "बोअर करून आतला मुख्य दांडा, क्रँक, खराब निघाला तर? त्यापेक्षा दुसरं डोकं." ब्रेक म्हणाले, ठीक आहे, दुसरं डोकं, पण घाई नको. तर हे म्हणतात, "खडकावर आपटलेल्या इंजिनाचा भरवसा काय? पहिलाच मार्ग नीट तपासून बघू."

तीन माणसं, तीन मार्ग, आणि तिन्ही मतं एकाच माणसाची. मी एवढा अष्टपैलू नवरा आजवर बघितला नव्हता.

भाऊजींनी जाताना सगळी हकीगत मला परत ऐकवली. दादाने कशी पाण्यात उडी मारली, कसं इंजिन धरलं, कसं वर आणलं. पाणी छातीभर होतं म्हणे. दर वेळी उडी थोडी मोठी होते आणि पाणी थोडं कमी. हे ऐकत बसले होते. ना हो, ना नाही.

१० तारीख

बैठक. चहा. निर्णय नाही. साखर संपली.

१३ तारीख, बुधवार

नवी थेरं सुरू झाली आहेत, लिहून ठेवते.

एक, आंघोळ. यांची आंघोळ म्हणजे आता ओलं फडकं अंगावरून फिरवणं. डोक्यावरून पाणी घेत नाहीत. विचारलं तर म्हणे सर्दी आहे. शिंक एक नाही. केसांना तेलाच्या डब्यासारखा वास येतोय.

दोन, खुर्ची. हे घर घेतलं तेव्हा यांनी एकच गोष्ट बघितली होती, बैठकीच्या खिडकीतून खाडी दिसते. स्वयंपाकघरात माणूस वळू शकतो की नाही ते बघितलं नाही, खाडी बघितली. आणि आता खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसतात. मला कारण कळतं. समोरून दुसऱ्याची बोट भरभरून जाताना दिसते, ते बघवत नाही. मग आपली सुरू करा ना! नाचता येईना, अंगण वाकडं.

तीन, लांब हातांचा सदरा. या उकाड्यात मनगटापर्यंत बटणं लावून बसतात. अध्यक्षपद अंगात भिनलंय.

चार, बाजारात जाताना धक्क्यावरचा सरळ रस्ता सोडून कापडगल्लीतून वळसा घालतात. म्हटलं, का? तर म्हणे पाय मोकळे होतात. पाय मोकळे करायला बोट चालवणारा माणूस निघालाय.

१५ तारीख, शुक्रवार

मी रोज सकाळी जाऊन खिडकीत बसते. तिकीट फाडायला काही नाही, तरी बसते, म्हणजे खिडकी आपली आहे हे लोकांच्या लक्षात राहतं. पलीकडच्या शाळेतल्या बाई, गिरणीतल्या दोघी, दवाखान्यात जाणारे आजोबा, सगळे विचारतात, बोट कधी? मी म्हणते, समिती बसली आहे. बाई म्हणाल्या, "मग झालंच."

आज बंदर कचेरीतल्या साहेबाने बोलावून सांगितलं. सकाळच्या पाळीतली बोट महिनाअखेरपर्यंत बंद राहिली की पाळी पुढच्या नंबरवाल्याला जाते. तीस तारखेला सकाळी बोट सुटली नाही तर आमची पाळी गेली. ही पाळी मिळायला आम्ही आठ वर्षं थांबलो होतो. दुपारच्या पाळीत कुत्रं येत नाही. पाळी गेली म्हणजे घर गेल्यात जमा, हे साहेबाने सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन सांगितलं. ऐकून हे म्हणाले, "तीस का?" आणि क्रँकवर बोट फिरवत बसले. घोड्यावर बसलेल्याने घोडा कुठाय विचारावं तसं.

१६ तारीख, शनिवार

आज जाळेवाला आला होता, ज्याने यांना आणि इंजिनाला काढलं तो. मला वाटलं फाटलेल्या जाळ्याची भरपाई मागायला आला. म्हणून मी आधीच आवाज चढवून ठेवला. तर तो दारातच उभा. टोपी हातात. "दादा कसे आहेत?"

"ठणठणीत. समितीचे अध्यक्ष आहेत."

"पाण्यात गेले का परत?"

"पाण्यात कशाला जातील? इंजिन तर इथे बैठकीत आहे."

त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "वहिनी, त्यांना लगेच नका पाठवू. जरा... आपलं सांगितलं." मी म्हटलं, तुम्हीही ब्रेकच्याच पक्षाचे का? पाठवू नका म्हणणारे घरात पुष्कळ आहेत. त्याने आत डोकावून बघितलं. हे खुर्चीत डोळे मिटून. आत्ता मिनिटापूर्वी डोळे टक्क उघडे होते. तो गेल्यावर लगेच उघडले.

मी म्हणाले, "अहो, त्याने तुम्हाला काढलं. दोन शब्द बोलायचे."

"झोप लागली होती."

माणसाने केलेलं विसरू नये एवढं साधं आमच्या घरात कळत नाही, याची मला लाज वाटली. जाळेवाल्याने येताना नऊ-दहा मासळ्या आणल्या होत्या. त्या मी घेतल्या.

१९ तारीख, मंगळवार

मुलीचा फोन. तिला सगळं सांगितलं, आंघोळ, खुर्ची, कापडगल्ली, समिती. मला वाटलं हसेल. हसली नाही. मग म्हणाली, "आई, तू बाबांना विचारलंस का?"

"विचारलं की. रोज विचारते. बोअर करायचं का डोकं बदलायचं?"

"ते नाही गं. त्या दिवशी काय झालं ते."

"भाऊजींनी सांगितलंय ना. चार वेळा."

"काकांनी नाही. बाबांनी."

म्हटलं, तुझ्या बाबांकडून पूर्ण वाक्य ऐकून वर्षं लोटली, आता बुडाल्यावर कुठून ऐकू? ती म्हणाली, "बघ बाई." आजकालची मुलं दोन गोष्टी शिकून येतात आणि आईला शिकवतात. फोन ठेवल्यावर मात्र थोडा वेळ चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी फार बोलते का? बोलते. पण मी बोलले नाही तर या घरात फक्त इंजिन उरेल, तेही बंद.

२१ तारीख, गुरुवार

समिती बरखास्त केली.

झालं असं. आज बैठकीत हे म्हणाले की तिन्ही मार्गांचा विचार झाला, आता चौथा, नवंच इंजिन घ्यावं का, यावर विचार व्हावा. भाऊजींनी पेन्सिल सरसावली. ब्रेक म्हणाले, "नव्याची चौकशी करायला दोनतीन महिने धरा. घाई नको." मी स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन येत होते. ते तसेच परत नेले, मोरीत ओतले आणि रिकामे कप त्यांच्यासमोर मांडले.

"बैठक संपली," म्हटलं. "एक ना धड, भाराभर चिंध्या. दुसरं डोकं बसेल. तिसरा मार्ग. मी मिस्त्रीला निरोप धाडलाय."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, अध्यक्षांची संमती—"

"अध्यक्षांच्या बायकोची आहे."

मला वाटलं हे भडकतील. भडकायला हवं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी परस्पर यांची कुऱ्हाड धार लावायला दिली तरी दोन दिवस फुरंगटून बसतात. आज नुसतं म्हणाले, "इतक्या लवकर?"

लवकर! मला हसूच फुटलं. उरलेल्या दोन सदस्यांनाही फुटलं, चहा गेलेला असूनही.

२५ तारीख, सोमवार

मिस्त्री आणि त्याचा भाऊ डोकं घेऊन आले. आमच्या पायावर ते डोकं ठेवलं, तेल ओतलं, आवळलं. हे बाजूला उभे राहून चुका काढत होते. हा बोल्ट जुना आहे, ते वायसर काढा, हे परत उघडा. मिस्त्री वैतागून म्हणाला, "दादा, तुम्हाला हे चालू व्हायला हवंय की नकोय?" यांनी वायसर उचलून उजेडात धरलं. मीच म्हटलं, असले प्रश्न विचारू नका, परत समिती बसेल.

मग इंजिन अंगणात नेऊन त्याच निळ्या पिंपाच्या काठाला लावलं, पंखा पाण्यात. दोरी ओढली, एकदा, दोनदा, कितीदा तरी. आणि लागलं! काय आवाज, काय धूर! पिंपातलं पाणी उसळून चहूकडे उडालं, मी नखशिखांत भिजले. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मला गहिवरून आलं. उगाच कशाला नाकारू? मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली.

वळून बघते तर हे नाहीत. मोरीत भिंतीला धरून ओकत होते. चेहरा पिठासारखा. धूर लागला म्हणाले. बावीस वर्षं ज्या धुरात काढली तो आज लागला. मी पाठ चोळली. सदरा घामाने गच्च होता.

२८ तारीख, गुरुवार

इंजिन बोटीवर चढवलं. मी, मिस्त्री, ब्रेक आणि हातगाडीवाला. यांचं पोट बिघडलंय.

२९ तारीख, शुक्रवार

पोट तसंच. डॉक्टरने बघितलं, म्हणाला पोटात काही नाही. मी म्हटलं, डोक्यातही नाही, म्हणजे दोन्ही अवयव निरोगी.

उद्या शेवटचा दिवस. संध्याकाळी मी यांना स्पष्ट विचारलं, "उद्या येताय ना?" म्हणाले, "येतो." मग भाकरी तशीच ठेवून उठले. मला कधी नव्हे ते वाटलं की काहीतरी विचारावं. पण काय ते सुचेना, आणि भांडी पडली होती.

३० तारीख, शनिवार

आज अक्षर वाकडं येईल.

सकाळी धक्क्यावर सगळे हजर. शाळेतल्या बाई, गिरणीतल्या दोघी, आजोबा, आणखी बारापंधरा जण. बंदर कचेरीचा शिपाई बोट सुटलेली बघायला. भाऊजी भाषण करायच्या बेतात. मिस्त्रीने इंजिन चालू करून दिलं आणि बोटीतून वर आला. घड्याळासारखं चाललं होतं. पुढचा नंबरवाला आपल्या बोटीत बसून आमच्याकडे बघत होता, तोंडाला पाणी सुटल्यासारखा.

हे धक्क्याच्या टोकाला उभे. आधी म्हणाले, टाकीचं झाकण बघा. मिस्त्रीने बघितलं. मग म्हणाले, दोरी बदला. बदलली. मग क्लँप आवळा. आवळलेलाच होता, परत आवळला. लोक चुळबुळ करायला लागले. शिपाई घड्याळ बघतोय. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि माझं असं आहे की जीव टांगणीला लागला की जीभ सुटते. मी खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "अहो, बुडत्या इंजिनामागे उडी मारणारे शूरवीर! उभ्या बोटीत पाय टाकायला काय वाजंत्री बोलावू?"

सगळा धक्का खो खो हसला. आजोबासुद्धा.

यांनी मान खाली घातली आणि एक पाय बोटीत टाकला. बोट थोडी हलली, बोटी हलतातच. आणि यांनी धक्क्यावरचा लोखंडी खांब पकडला. लोक अजून हसत होते. मी तो हात बघितला. सदऱ्याची बाही वर सरकली होती, मनगटाभोवती दोरीचा वळ, काळपट, अजून. आणि बोटं. मुलगी व्हायच्या वेळी मी खाटेचा गज असा धरला होता, की सुटला तर मेलेच. ती पकड मला ठाऊक आहे. माणूस उगाच तशी पकड धरत नाही.

मला सगळं एकदम दिसलं. उन्हात टाकलेलं इंजिन. डोक्यावरून न घेतलेलं पाणी. खुर्ची. कापडगल्ली. तिन्ही मार्गांना नाही म्हणणं. महिनाभर मी हे सगळं माझ्या हाताने इथे लिहिलं, आणि प्रत्येक ओळीखाली खिदळले. आणि हे मात्र पाय टाकून उभे होते, कारण मी ओरडले होते. आणखी क्षणभर गेला असता तर दुसराही पाय टाकला असता. माझ्या हसण्याच्या भीतीने हे पाण्यात गेले असते, आणि मधोमध पोहोचल्यावर काय झालं असतं? बोटीत वीस माणसं.

मी खिडकीतून बाहेर आले आणि म्हणाले, "थांबा. इंजिन बंद करा. आवाज बरोबर नाही."

मिस्त्रीचं तोंड उघडंच राहिलं. "ताई, घड्याळासारखं चाललंय."

"नाही. टकटक येतेय. दर चौथी टक जास्तीची आहे."

"चौथी टक?"

"मला ऐकू येतेय. माणसं नेणारी बोट आहे, मी जाऊ देणार नाही. अहो, या बाहेर."

हे बाहेर आले. खांब मात्र सोडला नाही.

मग जे व्हायचं ते झालं. भाऊजी म्हणाले, "मी म्हणतच होतो, बोअर करायला हवं होतं. वहिनींनी बैठक मोडली." ब्रेक म्हणाले, घाई केली की असं होतं. मिस्त्री माझ्यावर इतका तापला की त्याने झाकण उघडून इंजिनाला कान लावला आणि सगळ्यांना सांगितलं की असली टक या जगात नसते. गिरणीतली एक म्हणाली, "तिकिटं फाडता फाडता इंजिनाची डॉक्टर झाली बाई." पुन्हा सगळे हसले, या वेळी मला. मी कंबरेवर हात ठेवून चौथ्या टकेवर अडून बसले. वीस माणसांसमोर मी इतकी मूर्ख कधी दिसले नसेन. शिपायाने दोनदा विचारलं, "मग बोट सुटणार नाही असं लिहू?" मी म्हटलं, लिहा.

पुढचा नंबरवाला धक्क्याला लागला. लोक त्याच्या बोटीत बसले आणि गेले. आठ वर्षं थांबून मिळालेली पाळी मी एका टकेत घालवली, तीही नसलेल्या. उद्यापासून घर कसं चालवायचं ते मला माहीत नाही. मुलीला काय सांगायचं तेही नाही. मिस्त्री सामान आवरताना माझ्याजवळ आला, राग उतरला होता. यांच्याकडे एकदा बघून हळूच म्हणाला, "इंजिन भाड्याने द्यायचं झालं तर सांगा. चांगलं चालतंय." मी मान हलवली.

घरी येताना कापडगल्लीतून आलो. मीच वळले तिकडे.

आत आल्यावर हे पलंगाच्या काठावर बसले. मी पाण्याचा पेला दिला. पेला खाली ठेवून म्हणाले, "आवाज बरोबर होता."

"माहीत आहे मला."

मग त्यांनी सांगितलं. उडी मारलीच नव्हती. इंजिनाची दोरी मनगटाला गुंडाळून धरायची त्यांची सवय, इंजिन गेलं आणि दोरीने यांना ओढून नेलं. पाणी छातीभर नव्हतं, दोन पुरुष खोल होतं. गाठ सुटेना. डोळे उघडले तर सगळीकडे सारखाच काळोख, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. मी मध्ये काही बोलले नाही. हे एवढं सलग बोलतात हे मला माहीतच नव्हतं.

"तुला हाक मारली," म्हणाले. "तोंड उघडलं आणि पाणीच आत गेलं."

मी त्या वेळी खिडकीत होते. दुपारच्या उन्हात पाय पसरून, बोटीला उशीर का म्हणून पुटपुटत. मला काही ऐकू आलं नव्हतं.